कोलोरॅडोच्या खडकातले तेल: अडते कुठे, भट्टीत, पाण्यात की राखेत?

कातळकडा

अमेरिकेत कोलोरॅडो, युटा आणि वायोमिंग या तीन राज्यांत ग्रीन रिव्हर नावाचा खडकाचा थर आहे. तिथल्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या अंदाजानुसार त्या खडकात मिळून ४ लाख कोटी बॅरलहून जास्त तेल दडलेले आहे. सौदी अरेबियाच्या साठ्याच्या कितीतरी पट. शंभर वर्षांहून अधिक काळ प्रयत्न चालू आहेत, तरी आज तिथून व्यापारी उत्पादन जवळपास शून्य आहे. उलट एस्टोनियासारखा चिमुकला देश १९१६ पासून असाच खडक खणतो आहे आणि त्यावर त्याने वीजही केली, तेलही काढले.

टेक्सासमधले फ्रॅकिंग (दाबाखाली पाणी सोडून खडक फोडणे) हा निराळा प्रकार आहे हे माहीत आहे, त्यामुळे ते या धाग्यात शक्यतो नको. तिथे खडकात तयार तेल असते. इथे केरोजेन आहे, म्हणजे अर्धवट राहिलेला घन सेंद्रिय पदार्थ. तो तापवल्याशिवाय तेल होतच नाही.

जाणकारांना प्रश्न असा: नेमके अडते कुठे? तंत्र नाही, पैसा नाही, की पर्यावरण परवडत नाही?

---

भट्टीवाला

उष्णतेच्या हिशेबापासून सुरुवात करावी, बाकीच्या सगळ्या अडचणी तिथूनच निघतात.

केरोजेनचे तेल व्हायला भट्टीत खडक साधारण ५०० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावा लागतो, आणि तोही हवा न लागू देता. खडकाची विशिष्ट उष्णता किलोला अंशामागे सुमारे १.१ किलोज्यूल धरा. एक टन खडक २० अंशांवरून ५०० ला नेण्यासाठी ५३० मेगाज्यूलच्या आसपास उष्णता लागते. खडक टनाला १०० लिटर तेल देणारा असेल तर त्या तेलात साधारण ३,८०० मेगाज्यूल ऊर्जा असते. म्हणजे सातवा हिस्सा तापवण्यातच गेला, आणि यात भट्टीची गळती, दळण, वाहतूक काही धरलेले नाही. तोच खडक टनाला ४० लिटरवाला असेल तर? तापवायचा खर्च तेवढाच, हाती १,५०० मेगाज्यूल. तिसरा हिस्सा गेला.

दगडाला तेल किती आहे याची फिकीर नसते, त्याला तापायला तेवढीच उष्णता लागते. म्हणून या धंद्यात खडकाचा कस हा पहिला आणि शेवटचा आकडा. तो फिशर चाचणीने काढतात: १०० ग्रॅम बारीक केलेला नमुना, मिनिटाला १२ अंश या गतीने ५०० अंशांपर्यंत, मग तिथे ४० मिनिटे धरून ठेवायचा आणि निघालेले तेल मोजायचे.

धाग्यातला ४ लाख कोटींचा आकडा सगळा खडक धरून आहे. टनाला ६० लिटरपेक्षा जास्त देणारा खडक तेवढाच मोजला तर तो सव्वा लाख कोटींच्याही खाली येतो. १०० लिटरच्या वरचा मोजला तर सुमारे ३५ हजार कोटी. आणि हे सगळे 'खडकात असलेले', बाहेर काढता येण्याजोगे नव्हे.

---

वाटसरू_७

खडक ओला असेल तर?

---

भट्टीवाला

@वाटसरू_७, योग्य प्रश्न. दर एक टक्का ओलाव्यामागे टनाला १० किलो पाणी. ते उकळून वाफ करायला २६ मेगाज्यूल. दहा टक्के ओलावा म्हणजे अडीचशेच्या वर, जवळपास दीडपट खर्च. म्हणून भट्टीच्या आधी वाळवणी हा वेगळा टप्पा असतो आणि तिथे भट्टीतूनच निघालेल्या गरम वायूचा वापर करतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या ग्लॅडस्टनजवळचा स्टुअर्ट प्रकल्प १९९९ ते २००४ चालला. त्याचा खडक असाच ओला होता. तिथे आजूबाजूच्या वस्तीच्या दुर्गंधीबद्दलच्या तक्रारीही शेवटपर्यंत मिटल्या नाहीत.

---

खाणदिवा

उष्णतेनंतर वजन. टनाला १०० लिटरच्या खडकातून एक बॅरल (१५९ लिटर) मिळवायला दीड टनाहून जास्त दगड लागतो. रोज १ लाख बॅरलचा कारखाना म्हणजे रोज दीड लाख टनांवर दगड खणणे, फोडणे, चाळणे. एकट्या भारताची रोजची गरज ५० लाख बॅरलच्या वर आहे. तेव्हा १ लाख म्हणजे त्यातले दोन टक्केसुद्धा नाहीत.

भट्टीतून बाहेर पडणारा जळका दगड वजनाने थोडाच कमी होतो, पण आकारमानाने वाढतो, कारण फोडल्यामुळे तुकड्यांमध्ये पोकळ्या राहतात. दाबून बसवला तरी मूळ खाणीत सगळा परत मावत नाही. उरलेला कुठल्यातरी दरीत भरावा लागतो. कोलोरॅडोत पॅराशूट क्रीकसारख्या अरुंद दऱ्या आहेत. तिथे भराव टाकला की पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी त्यातून झिरपते आणि क्षार, आर्सेनिक, मॉलिब्डेनम, बोरॉन घेऊन खाली नदीत जाते.

भराव घालायची पद्धत ठरलेली आहे: खाली अभेद्य थर, जळका दगड ओलसर करून थराथरांनी रोलरने दाबणे, कडेने पाणी वळवणारे चर, वर मातीचा जाड थर, मग गवत. अडचण मातीचा थर पातळ पडला की येते. जळका दगड खारट आणि अल्कधर्मी असतो, केशाकर्षणाने क्षार वर चढतात आणि दोन-तीन हंगामांत गवत जळते. मध्ये भरड खडीचा थर टाकला तरच क्षारांची ही चढण तुटते.

---

आडवाट

खाण, भराव, धूळ ही सगळी झंझट जमिनीवर भट्टी लावल्यामुळे आहे. खडक जागच्या जागी तापवावा हा उपाय कुणी का बोलत नाही? शेल कंपनीने कोलोरॅडोत ते करून दाखवले होते. भोके पाडायची, त्यात विजेचे तापक सोडायचे, तीन-चार वर्षे सावकाश ३५० अंशांपर्यंत न्यायचे. तापमान कमी आणि वेळ भरपूर असल्याने तेल हलके निघते, वायूही बराच मिळतो. महोगनी प्रकल्पात ३० फूट बाय ४० फुटांच्या तुकड्यातून सुमारे १,७०० बॅरल हलके तेल काढले. दगड हलवायचा नाही, भराव नाही. मला तर हाच खरा रस्ता वाटतो.

---

भूजल

@आडवाट, तेल चांगले निघाले हे मान्य. अडचण तेलाची नाही, पाण्याची आहे.

कोलोरॅडोतल्या पिसिअन्स खोऱ्यात सगळ्यात कसदार महोगनी थराच्या वर आणि खाली दोन्हीकडे पाणी धरणारे थर आहेत. तापवायचा भाग पाण्यात असेल तर उष्णता पाणी उकळण्यात जाते. आणि तापवून झाल्यावर जो सच्छिद्र दगड उरतो त्यातून तेच भूजल फिरते. म्हणून शेलने तापकांभोवती गोठवलेली भिंत उभी केली. दर आठ फुटांवर खोल भोक, त्यात अमोनियाचे थंड द्रावण फिरवायचे, भोकांमधले पाणी गोठून सलग बर्फाची कड तयार होईपर्यंत. म्हणजे आत ३५० अंश आणि शेजारी बर्फ, दोन्हीला वीज, आणि तेही कैक वर्षे अखंड. एका जागी भूजलाचा प्रवाह जोरात असला तरी तिथे बर्फ धरत नाही आणि भिंतीला खिडकी पडते. ती शोधायला आतल्या-बाहेरच्या निरीक्षण विहिरींतली पातळी सतत मोजावी लागते.

काम संपल्यावर आतला दगड थंड करायचा, पाणी सोडून ते उपसायचे, शुद्ध करायचे, पुन्हा सोडायचे. असे बऱ्याच वेळा केल्यावर मगच भिंत वितळू द्यायची. बेंझीन आणि फिनॉल जातील. क्षार आणि धातू किती वर्षे सुटत राहतील हा प्रश्न मोठा प्रकल्प उभा राहिलाच नाही म्हणून अनुत्तरित राहिला. शेलने २०१३ मध्ये तिथले काम बंद केले.

---

भट्टीवाला

@भूजल +१. आणि विजेचा हिशेबही जोडतो. ३५० अंशांना टनामागे ३६० मेगाज्यूल. कागदावर भट्टीपेक्षा कमी. पण वीज औष्णिक केंद्रातून आली तर तिथे मूळ इंधनाचा ३५ ते ४० टक्केच भाग वीज होतो. म्हणजे इंधनाच्या रूपात ९०० ते १,००० मेगाज्यूल. निघालेला वायू जाळून तीच वीज करायची म्हटले तर बराचसा वायू त्यातच संपतो.

याच्या आधी ऑक्सिडेंटल कंपनीने १९७० च्या दशकात कोलोरॅडोतल्या लोगन वॉशला तिसरा मार्ग काढला होता. थोडा दगड खणून पोकळी करायची, उरलेला स्फोटाने आत पाडायचा, वरून पेटवायचा आणि हवा आत सोडत आग खाली उतरवायची. दगडाचे तुकडे एकसारखे पडले नाहीत तर आग मोकळ्या वाटेने पुढे धावते, बाजूचा दगड कच्चाच राहतो आणि पुढे तयार झालेले तेल आगीत जळते. जमिनीखाली खडी एकसारखी पाडणे कुणाला साधले नाही.

---

मीठभाकर

विषय थोडा बाजूला नेतो, कातळकडा यांची माफी मागून. फ्रॅकिंगशी तुलना केली तर तिथला पाण्याचा आकडाही धडकी भरवणारा आहे. टेक्सासकडच्या पर्मियन खोऱ्यात दोन मैल आडवी विहीर फोडायला ६ ते ८ कोटी लिटर पाणी आणि ८-९ हजार टन वाळू लागते. नंतर तेलाबरोबर खारट पाणी येत राहते, तिथे एका बॅरल तेलामागे तीन-चार बॅरल. ते खोल विहिरीत परत ढकलतात. ओक्लाहोमात अशा पाण्यामुळे जुन्या भेगा सरकल्या आणि सप्टेंबर २०१६ मध्ये पॉनीला ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला. मग केरोजेनलाच नावे का ठेवायची?

---

कातळकडा

माफी कशाला, आकडे उपयोगी आहेत. पण फ्रॅकिंगमध्ये पाणी सुरुवातीला एकदा लागते आणि तेल पहिल्या दिवसापासून वाहते. विहीर पहिल्या वर्षात निम्म्याहून जास्त ओसरते, तरी तोवर बराचसा पैसा परत आलेला असतो. केरोजेनमध्ये पाणी उत्पादनाबरोबर रोज लागते. कुठे लागते ते कुणी सांगेल का?

---

भूजल

धूळ बसवायला, जळका दगड थंड करायला, भराव दाबताना ओलवायला, त्यावरचे गवत जगवायला, विजेला आणि तेल सुधारायच्या कारखान्याला. रँड या अमेरिकी अभ्यास संस्थेच्या २००५ च्या अहवालात जमिनीवरच्या भट्टीसाठी बॅरलमागे तीन बॅरल धरले आहेत. रोज १० लाख बॅरल तेल म्हटले तर रोज सुमारे ४८ कोटी लिटर पाणी. आकडा तेलाच्या मानाने राक्षसी नाही, पण नदी कोलोरॅडो आहे. तिचे पाणी १९२२ च्या करारात सात राज्यांच्या दोन गटांमध्ये वाटले गेले, आणि वाटले तेव्हाची वर्षे नेमकी भरपूर पाण्याची होती. कागदावर वाटले तेवढे पाणी आज नदीत येतच नाही. तिथे नवा ग्राहक म्हणजे कुणा शेतकऱ्याचा किंवा शहराचा हक्क विकत घेणे.

---

नार्वा_काठ

एस्टोनियाचे उत्तर दिल्याशिवाय मूळ प्रश्न सुटणार नाही.

तिथला कुकरसाइट हा खडक जगातल्या सर्वांत कसदारांपैकी एक. उष्मांक किलोला ८ ते १० मेगाज्यूल, म्हणजे नुसता दळून बॉयलरमध्ये टाकला तरी पेटतो. नार्वाची वीजकेंद्रे याच्यावर उभी राहिली. १९८० मध्ये तिथे वर्षाला सुमारे ३ कोटी १० लाख टन खणत होते. तेल हा त्याच खाणी, रेल्वे आणि मनुष्यबळाच्या जोरावर चाललेला जोडधंदा होता. कोलोरॅडोत सगळे शून्यापासून उभारायचे होते.

भट्ट्या दोन जातींच्या आहेत. किव्हिटर उभी असते. तिला २५ ते १२५ मिलिमीटरचे ढेकूळ लागते आणि आतून गरम वायू फिरवतात. चुरा गेला की वायूच्या वाटा बुजतात, एका बाजूला दगड वितळून गोळे होतात आणि दुसऱ्या बाजूला कच्चा राहतो. त्यामुळे चाळणीवर सगळा जीव. शिवाय बाहेर पडणाऱ्या अर्धकोकमध्ये, म्हणजे तेल निघून गेलेल्या दगडात, सेंद्रिय कार्बन उरतो. त्याच्या कोहतला-यार्वे इथल्या डोंगरांमधून फिनॉल झिरपून ओढे बिघडले.

दुसरी गॅलोटर, चुऱ्यावर चालणारी. २५ मिलिमीटरखालचा चुरा आधी वाळवतात. मग आपलीच ८०० अंशांची राख त्यात मिसळतात, फिरत्या पिंपात मिश्रण ५०० अंशांच्या जरा खाली स्थिरावते आणि तेलाची वाफ सुटते. उरलेला अर्धकोक पुढच्या भट्टीत जाळतात, त्याची गरम राख पुन्हा पहिल्या टप्प्यात. कार्बन जळून जातो म्हणून कचरा कमी विषारी आणि ऊर्जा वाया जात नाही. नार्वाचे १४० आणि २८० टन प्रतितास क्षमतेचे संच याच घराण्यातले.

अडचण इथे बारीक राखेची. वाफेबरोबर ती पुढे जाते, चक्रीवात गाळणीतूनही (वाफ गरगर फिरवून राख वेगळी करणारी) निसटते आणि जड तेलात गाळ होऊन बसते. वाफेच्या नळांत कोकचे थर चढतात. नळ आतून अरुंद होतो, दाब वाढतो, आणि ठरलेल्या काळाने संच थांबवून खरवडावाच लागतो. थांबवणे-तापवणे यात दिवस जातात. अशा कारखान्याची खरी क्षमता पाटीवर लिहिलेल्या आकड्यावर ठरत नाही, वर्षात तो किती तास सलग चालला यावर ठरते.

---

उत्प्रेरक

निघालेल्या तेलाबद्दल कुणीच बोलले नाही, म्हणून भर घालतो. हे तेल सरळ रिफायनरीत घालता येत नाही. ग्रीन रिव्हरच्या तेलात नायट्रोजन दोन टक्क्यांच्या आसपास असतो. साध्या कच्च्या तेलात तो बहुधा अर्ध्या टक्क्याच्याही खाली. नायट्रोजनची अल्कधर्मी संयुगे भंजनाच्या (मोठे रेणू तोडण्याच्या) उत्प्रेरकाचे आम्लधर्मी कण मारून टाकतात. आर्सेनिक त्याहून वाईट, उत्प्रेरकावर बसले की निघतच नाही. म्हणून आधी आर्सेनिक पकडणारा बळीचा थर (स्वतः खराब होऊन पुढचा उत्प्रेरक वाचवणारा), मग जास्त दाबाखाली भरपूर हायड्रोजन.

शिवाय त्यात असंपृक्त हायड्रोकार्बन बरेच. टाकीत ठेवले की हवेशी संयोग होऊन डिंकासारखे चिकट होते, नळ्या आणि उष्णता-विनिमयक बुजतात. मेणही इतके, की थंडीत पाइपात गोठते. एस्टोनियाच्या तेलात प्रश्न ऑक्सिजनचा, म्हणजे फिनॉलचा. तिथे ते वेगळे काढून रसायन म्हणून विकतात आणि उरलेले बरेचसे जहाजांच्या व भट्ट्यांच्या इंधनात जाते. डिझेल करायचे तर हायड्रोजनचा खर्च पुन्हा आलाच.

---

दिहिंग

आपल्याकडचेही सांगतो. आसामात मार्घेरिटा-दिग्बोईच्या पट्ट्यात बराइल नावाच्या खडकगटातल्या कोळशाबरोबर केरोजेनवाला शेल खडक सापडतो. तिथल्या कोळशात गंधक जास्त, त्यामुळे खाणीचे पाणी आधीच आम्लधर्मी होऊन लोह घेऊन वाहते. जवळच दिहिंग-पाटकाईचे जंगल. एक टन दगडामागचा भराव, धुवांधार पाऊस आणि गंधक हे तिन्ही एकत्र आले तर काय होईल ते वर @खाणदिवा यांनी सांगितलेल्या झिरपण्यावरून ताडता येईल. कोलोरॅडोत पाऊस कमी हे भरावाच्या दृष्टीने तरी भाग्य होते.

गुजरातेतल्या खंबातचा शेल खडक आणि दामोदर खोरे हे फ्रॅकिंगच्या जातीचे. दुर्गापूरजवळ ओएनजीसीच्या विहिरीत २०११ मध्ये वायू लागला, २०१३ मध्ये सरकारने धोरणही आणले, पण व्यापारी उत्पादन उभे राहिले नाही.

---

सह्यकडा

महाराष्ट्रात काही शक्यता?

---

दिहिंग

बहुतेक राज्यावर दख्खनचा बेसॉल्ट आहे. तो लाव्हारस, त्यात केरोजेन असण्याचा प्रश्नच नाही. पूर्वेला चंद्रपूरकडे गोंडवना गाळखडक आहेत, पण ते कोळशासाठी.

---

ताळेबंद

पैशाकडे येतो. कोलोरॅडोत २ मे १९८२ ला एक्सॉनने कॉलनी प्रकल्प एका दिवसात बंद केला. दोन हजारांवर माणसे घरी गेली, पॅराशूट आणि आसपासची गावे रिकामी झाली. तिथे तो दिवस 'काळा रविवार' म्हणूनच ओळखला जातो. युनियन ऑइलने मात्र सरकारी दराच्या हमीवर पॅराशूट क्रीकला भट्टी चालू ठेवली. दगड खालून वर ढकलणारी ती रचना होती. रोज १० हजार बॅरलची क्षमता ठरवलेली, ती कधीच गाठली नाही, आणि १९९१ मध्ये तीही थांबली.

यातले गणित साधे आहे. भट्टी उभारायला सात-आठ वर्षे, तेलाचा भाव पडायला सहा महिने. विहीर बंद ठेवून भाव चढायची वाट पाहता येते. भट्टी थंड करून ठेवली तर खाण, चाळणी, चढवलेला विटांचा थर, सगळ्यावर व्याज चढते आणि पुन्हा पेटवताना विटा तडकतात. म्हणून भाव सतत चढा राहील असा कुणी दहा वर्षांचा करार दिल्याशिवाय बँक पुढे येत नाही. एस्टोनियातही २०१९ मध्ये युरोपातल्या कार्बन परवान्याचा दर वाढला तेव्हा या खडकाची वीज झपाट्याने घटली.

---

आडवाट

@भूजल, @भट्टीवाला, विजेचा मुद्दा पटला. पण वारा-सूर्याची फुकट जाणारी वीज तापकांना दिली तर? खडक हळूच तापवायचा आहे, मध्ये चार तास वीज गेली तरी तो थंड होत नाही.

---

भट्टीवाला

तापकांपुरते हे खरे आहे, एवढा मोठा दगड उष्णता धरून राहतो. तापक मात्र गरम-थंड होण्याने प्रसरण पावून तुटतात, आणि गोठवलेल्या भिंतीला खंड चालणार नाही. शिवाय पिसिअन्स खोऱ्यात नाहकोलाइट आहे, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. ते दोनशे अंशांच्या आतच फुटून कार्बन डायऑक्साइड सोडते. वीज हरित असली तरी हा वायू दगडातूनच येणार. भट्टीत ७०० अंशांच्या वर गेलात तर डोलोमाइट आणि चुनखडीही फुटतात: किलोभर चुनखडी फोडायला १.८ मेगाज्यूल उष्णता जाते आणि वर ४४० ग्रॅम वायू. म्हणून कार्बन जाळायची भट्टी जितकी थंड ठेवता येईल तितकी ठेवतात.

---

कातळकडा

सगळ्यांचे मनापासून आभार. माझ्या मूळ प्रश्नात 'की' चुकीच्या जागी होते असे दिसते. कस कमी, म्हणून दगड जास्त. दगड जास्त, म्हणून उष्णता, पाणी आणि भराव जास्त. म्हणून भांडवल जास्त आणि भाव पडला की पहिला बळी हाच. एक शंका राहिली. राखेचे काही करता येत नाही का? सिमेंटमध्ये?

---

नार्वा_काठ

येते, थोडी. एस्टोनियाच्या राखेत मोकळा चुना असतो, त्यामुळे सिमेंट, रस्त्याखालचा थर आणि आम्लधर्मी शेतजमीन यांत ती वापरतात. पण निघते त्यापैकी छोटाच वाटा खपतो. बाकीची पाण्याबरोबर वाहून राखेच्या डोंगरावर टाकायची जुनी पद्धत. त्या पाण्याचा सामू १२-१३ असतो, म्हणून ते बंद चक्रात फिरवतात आणि जास्तीचे पाणी आम्लाने किंवा कार्बन डायऑक्साइडने उदासीन केल्याशिवाय सोडता येत नाही. मोकळ्या चुन्याचे प्रमाण भट्टीच्या तापमानाप्रमाणे बदलते. सिमेंटवाल्याला मात्र प्रत्येक खेपेला तीच राख हवी असते, आणि जास्त चुना गेला तर काँक्रीट नंतर फुगून तडकते. दर खेपेची चाचणी करूनच ती घ्यावी लागते.